खानेसुमारीचे रकाने आणि आपण



माणसे मोजणे हे काम वरवर पाहता सोपे वाटते. घर मोजावे, घरातील डोकी मोजावी, बेरीज करावी, की झाले. परंतु ज्या क्षणी आपण विचारतो, 'यांपैकी मराठी किती? ख्रिस्ती किती? बाहेरून आलेले किती?', त्या क्षणी बेरीज बाजूला राहते आणि व्याख्या पुढे येते. मराठी कोणाला म्हणावे? बाहेरचा कोण, आणि तो किती पिढ्यांपर्यंत बाहेरचा? लोकसंख्याशास्त्राची पुस्तके या प्रश्नांनी भरलेली आहेत. मात्र आमच्या इंदूरसारख्या गावी राहणाऱ्या माणसाला ती पुस्तके उघडण्यापूर्वीच हे प्रश्न भेटलेले असतात.

इंदुरातील पोलोग्राउंड हा भाग आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. नावात मैदान आहे. प्रत्यक्षात तेथे लहानमोठे कारखाने, गुदामे आणि वीज कंपनीची मोठी कचेरी आहे. त्या कारखान्यांत काम करणाऱ्या माणसांची मुले माझ्या वर्गात येतात. कोणाचे घर मूळचे बऱ्हाणपूरकडचे, कोणाचे खानदेशातले, कोणी निमाडातला, कोणी झाबुआकडील भिल्ल, तर कोणाचे पणजोबा होळकरांच्या चाकरीत होते. एकदा भूगोलाच्या तासाला मी मुलांना मातृभाषा विचारली. एक मुलगा म्हणाला, ''सर, आजीशी अहिराणी बोलतो, आईशी मराठी, आणि बाबांशी हिंदी. कोणती लिहू?'' वर्ग हसला. पण त्या मुलाने जो प्रश्न विचारला तो जगातील मोठमोठ्या सांख्यिकी खात्यांना आजतागायत पुरता सुटलेला नाही.

आपल्या जनगणनेने मातृभाषेची व्याख्या अशी केली आहे की, बालपणी आई ज्या भाषेत मुलाशी बोलली ती त्याची मातृभाषा. आई लहानपणीच वारली असेल तर बालपणी त्या घरात मुख्यतः जी भाषा बोलली जात असे ती धरावी. प्रगणकाने आपली अक्कल चालवू नये. सांगणारा जे नाव सांगेल तेच लिहावे. व्याख्या शहाणपणाची आहे. या व्याख्येनुसार त्या मुलाचे उत्तर मराठी. पण प्रगणक दारात उभा असतो तेव्हा उत्तर मुलगा देत नाही, कुटुंबप्रमुख देतो, आणि तो पुष्कळदा सर्वांच्या नावापुढे एकच भाषा सांगून मोकळा होतो.

पुढे काय होते तेही पाहण्यासारखे आहे. २०११ च्या जनगणनेत देशभरातून मातृभाषांची १९,५६९ नावे गोळा झाली. त्यांची छाननी करून १,३६९ मातृभाषा निश्चित करण्यात आल्या, १,४७४ नावे अवर्गीकृत राहिली, आणि दहा हजारांहून अधिक भाषक असलेल्या मातृभाषांची मोट बांधून अखेर १२१ भाषांचा तक्ता छापण्यात आला. या मोटा बांधताना माळवी आणि निमाडी हिंदीत गेल्या. माळवी सांगणारे ५२ लाख आणि निमाडी सांगणारे २३ लाख लोक हिंदीच्या बेरजेत आहेत. भोजपुरीचे पाच कोटीही तेथेच आहेत. अहिराणी मात्र मराठीत गेली नाही. ती 'खानदेशी' या स्वतंत्र नावाखाली बसली आणि त्या नावाखाली १८ लाखांहून अधिक माणसे आहेत. म्हणजे माझ्या त्या विद्यार्थ्याची आजी एका भाषेत मोजली जाणार, आई दुसऱ्या आणि बाप तिसऱ्या. एका स्वयंपाकघरात तीन भाषक समाज! बहिणाबाई चौधरींची गाणी ज्या मुलखातून आली तेथील बोलीला मराठीच्या बाहेर ठेवावे की आत, यावर विद्वानांत मतभेद आहेत आणि ते असोत. पण हा निर्णय घरात होत नाही, तक्त्यात होतो, एवढे ध्यानात ठेवले पाहिजे.

त्याच जनगणनेप्रमाणे देशात मराठी भाषक ८ कोटी ३० लाख आहेत आणि त्यांपैकी मध्य प्रदेशात १२ लाखांहून काहीसे अधिक. राज्याच्या लोकसंख्येत हे प्रमाण शंभरात दोनही भरत नाही. इंदुरात १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी स्थिरावली. येथे १९१५ साली महाराष्ट्र साहित्य सभा स्थापन झाली. १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन वेळा मराठी साहित्य संमेलने येथे भरली. अशा गावातील मराठी माणसाला आपण 'स्थलांतरित' म्हणावे काय? जनगणनेच्या हिशेबी तो स्थलांतरित मुळीच नाही. जनगणना जन्मस्थान विचारते, आणि १९७१ पासून मागील निवासस्थानही विचारते. येथेच जन्मलेला, येथेच वाढलेला माणूस तिच्या दृष्टीने स्थानिक. उलट सावेरच्या मुलीचे लग्न इंदुरात झाले तर ती स्थलांतरित ठरते. २०११ साली देशात स्थलांतरितांची संख्या ४५ कोटींच्या वर निघाली, आणि त्यात बायकांचा भरणा फार मोठा होता, तो यामुळेच. लग्न हे आपल्या देशात स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण आहे. त्यामुळे पाच पिढ्यांच्या इंदूरकर मराठी माणसाची ओळख पटविणारा रकाना उरतो तो एकच, मातृभाषेचा. तो चुकला की तो माणूस मराठी म्हणून कागदावरून नाहीसा झाला.

आता थोडे समुद्रापलीकडे जाऊ. अमेरिकेतील स्पॅनिश भाषक समाजाची गोष्ट आपल्या गोष्टीशी इतकी जुळते की ती सांगितल्यावाचून राहवत नाही. १८४८ च्या तहाने मेक्सिकोचा फार मोठा मुलूख अमेरिकेकडे गेला. तेथील माणसे जागची हललीही नव्हती. सीमाच त्यांच्या डोक्यावरून पलीकडे गेली. पुढे लक्षावधी माणसे खरोखरच सीमा ओलांडून आली. या दोन्ही प्रकारच्या लोकांना एका नावाखाली कसे मोजावे याविषयी तेथील शिरगणती खात्याने जे प्रयोग केले ते मनोरंजक आहेत. १९३० साली 'मेक्सिकन' हा एक वंश ठरविण्यात आला. त्यावर मेक्सिकोच्या सरकारने आणि खुद्द त्या लोकांनी आक्षेप घेतला, तेव्हा १९४० साली तो रकाना काढून त्यांना गोऱ्यांत मोजण्यात आले. १९७० साली लोकसंख्येच्या एका नमुन्यापुरता मूळ विचारण्याचा प्रश्न घातला; पर्यायांत 'मध्य अथवा दक्षिण अमेरिकन' असे शब्द होते. झाले असे की, अमेरिकेच्याच मध्य आणि दक्षिण भागांतील पुष्कळ लोकांनी प्रश्न आपल्यालाच आहे असे समजून त्यापुढे खूण केली! १९८० पासून हा प्रश्न सर्वांना विचारला जाऊ लागला, आणि २०२० च्या गणनेत हा समाज ६ कोटी २१ लाख, म्हणजे देशाच्या शेकडा १८.७ एवढा निघाला.

पण या संख्येहूनही मोलाचा वाटावा असा शोध निराळाच आहे. प्यू संशोधन केंद्राने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या एका अहवालात, ज्यांचे पूर्वज स्पॅनिश भाषक देशांतून आले अशा प्रौढांना 'तुम्ही स्वतःला हिस्पॅनिक म्हणविता काय?' असे विचारले. परदेशात जन्मलेल्यांपैकी शेकडा ९७ जण होय म्हणाले. दुसऱ्या पिढीत ९२. तिसऱ्या पिढीत ७७. चौथ्या आणि त्यापुढील पिढ्यांत अवघे ५०. म्हणजे चौथ्या पिढीपर्यंत दर दोघांतला एक जण मोजणीतून आपखुशीने बाहेर पडतो. डंकन आणि ट्रेहो या दोन अर्थशास्त्रज्ञांनी याच प्रश्नाचा पाठपुरावा करून असे दाखविले की, बाहेर पडणारे हे वाटेल ते नसतात. मिश्रविवाहांतून आलेली आणि अधिक शिकलेली मुले त्यांत जास्त असतात. त्यामुळे समाजात मागे उरलेल्यांचीच सरासरी निघते, आणि पाहणाऱ्याला वाटते की हे लोक तीन पिढ्या झाल्या तरी पुढे सरकत नाहीत. सरकलेले सरकून गेलेले असतात. ते तक्त्यात दिसत नाहीत इतकेच.

हे वाचताना मला आमच्या गावची घरे आठवतात. ज्यांची मुले इंग्रजी शाळांत गेली, ज्यांच्या सुना अन्य भाषक घरांतून आल्या, तीच घरे प्रथम 'हिंदी' सांगू लागतात. मग इंदूरच्या मराठी समाजाविषयी कोणी आकडे मांडून निष्कर्ष काढू लागला, तर तो कोणत्या मराठी समाजाविषयी बोलत आहे हे त्याला प्रथम विचारले पाहिजे.

मराठी माणूस परदेशी गेला की त्याची मोजणी आणखी गमतीदार होते. मॉरिशसच्या गणनेत धर्माच्या यादीत हिंदू, तमिळ, तेलुगू यांच्या बरोबरीने 'मराठी' असाही पर्याय आढळतो. आपण ज्याला भाषा म्हणतो तो तेथे धर्माच्या पंगतीला बसला आहे. अमेरिकेच्या भाषाविषयक तक्त्यांत गुजराती, हिंदी, पंजाबी आणि बंगाली यांना स्वतंत्र ओळी आहेत. मराठी मात्र 'नेपाळी, मराठी अथवा अन्य भारतीय आर्य भाषा' अशा सामाईक ओळीत घातली आहे. इस्राएलात तर कोकणातून गेलेल्या बेने इस्राएल समाजाची गोष्ट चटका लावणारी आहे. १९४८ नंतर ही मराठी बोलणारी कुटुंबे तिकडे गेली. 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी तेथे चालविले. परंतु तेथील सांख्यिकी खाते माणसाचे मूळ ठरविताना वर्षानुवर्षे बापाचे जन्मस्थान पाहत आले. आजोबा अलिबागचे, बाप तेथे जन्मलेला, म्हणजे नातू मुळचाच इस्राएली. आजोबांचे अलिबाग दोन पिढ्यांत पुसले गेले. यात कोणाचा दुष्ट हेतू नाही. कोणत्याही गणनेला कोठेतरी रेघ ओढावीच लागते.

धर्माच्या रकान्याकडे वळतो. मी स्वतः कॅथलिक आहे, त्यामुळे या रकान्याशी माझा संबंध जरा जवळचा आहे. २०११ साली देशात ख्रिस्ती २ कोटी ७८ लाख, शेकडा २.३; महाराष्ट्रात १० लाख ८० हजार; मध्य प्रदेशात २ लाख १३ हजार. यांत कॅथलिक किती? जनगणना सांगत नाही. ख्रिस्ती धर्माला एकच सांकेतिक अंक आहे, पंथाला नाही. १९११ च्या खानेसुमारीत रोमन कॅथलिक, अँग्लिकन, बाप्टिस्ट अशी फोड केलेली सापडते. स्वातंत्र्यानंतर ती बंद झाली. मला विचाराल तर बंद झाली ते ठीकच झाले. धर्मग्रामांतून कुटुंबांच्या नोंदवह्या असतात, त्यांवरून धर्मप्रांत आपापले आकडे काढतात. मात्र या दोन मोजण्यांत एक मूलभूत भेद आहे. चर्चची वही बाप्तिस्मा झालेल्यांना मोजते, आणि सरकारची वही 'मी ख्रिस्ती' असे सांगणाऱ्यांना. या दोन संख्या जुळल्या नाहीत म्हणून कोणी तरी खोटे बोलत आहे असे समजण्याचे कारण नाही. एके ठिकाणी संस्काराची नोंद असते, दुसऱ्या ठिकाणी उत्तराची.

उत्तरामागे परिस्थिती असते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींत फक्त हिंदूंचा समावेश झाला. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्यात घेण्यात आले. त्या जातींतून ख्रिस्ती झालेल्या माणसाला तेथे जागा नाही. अनुसूचित जमातींना ही धर्माची अट नाही. म्हणून झाबुआचा ख्रिस्ती भिल्ल दोन्ही रकान्यांत राहतो, आणि मराठवाड्यातील दलित ख्रिस्ती माणसाला मात्र एक रकाना सोडावा लागतो. हे योग्य की अयोग्य, याचा वाद न्यायालयापुढे आणि आयोगांपुढे अनेक वर्षे आहे. तो मी येथे सोडवू पाहत नाही. शिष्यवृत्ती, वसतिगृह, नोकरी ज्या उत्तरावर अवलंबून असते ते उत्तर प्रगणकाच्या वहीत निर्विकारपणे उतरत असेल, असे मानणाऱ्या अभ्यासकाने मात्र दारोदार हिंडण्याचे काम एकदा तरी करून पाहावे. आम्हा शिक्षकांवर ते काम नेहमीच येते.

याच्या उलट, उत्तर देणे हेच ज्यांना अभिमानाचे वाटले अशांची गोष्ट महाराष्ट्रात घडली. १९५१ साली आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आसपास होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली. १९६१ च्या जनगणनेत ती संख्या २७ लाख ८९ हजार झाली. दहा वर्षांत इतकी वाढ जन्ममृत्यूच्या हिशेबाने कोठेही होत नसते. त्या काळी बौद्ध म्हणून सांगितले तर अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती जाण्याचा धोका होता, हे ठाऊक असूनही लक्षावधी माणसांनी प्रगणकाला 'बौद्ध' असे सांगितले. बाबासाहेबांचा जन्म आमच्या इंदूरजवळच्या महूचा, म्हणून हा आकडा आम्हाला विशेष जवळचा. रूक्ष तक्त्यातील एखादी ओळ एवढे बोलू शकते.

आता आकड्यांची भीती घालणाऱ्यांविषयी दोन शब्द. अमुक धर्माचे लोक वाढत आहेत, तमुक बुडणार, अशी बोलणी चहाच्या टपरीपासून सभेच्या व्यासपीठापर्यंत ऐकू येतात. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने, म्हणजे १९५६ साली स्थापन झालेल्या केंद्राच्या आजच्या रूपाने, चालविलेली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी यांपैकी किती जणांनी उघडली आहे? १९९२-९३ च्या पहिल्या पाहणीत दर स्त्रीमागे मुलांचे प्रमाण हिंदूंत ३.३०, मुसलमानांत ४.४१, ख्रिस्ती समाजात २.८७ होते. २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत तेच अनुक्रमे १.९४, २.३६ आणि १.८८ झाले. सर्वांचीच कुटुंबे लहान झाली, आणि अंतर एकाहून अधिक होते ते अर्ध्याच्या आत आले. मुलींची शाळा जेथे वाढली तेथे पाळणा लांबला, हे कोणत्याही धर्माच्या गावात दिसते. धर्मांतराविषयीही तसेच. प्यू केंद्राने २०१९-२० साली भारतात सुमारे ३० हजार प्रौढांना सतरा भाषांतून प्रश्न विचारले. शेकडा ९८ जण ज्या धर्मात वाढले त्याच धर्मात होते. त्याच केंद्राच्या दुसऱ्या पाहणीप्रमाणे अमेरिकेतील स्पॅनिश भाषक समाजात कॅथलिकांचे प्रमाण २०१० साली शेकडा ६७ होते, ते २०२२ साली ४३ वर आले. तेथे धर्म सोडणे सोपे झाले आहे, येथे नाही. दोन समाजांतील हा भेद कोणत्याही प्रचारापेक्षा अधिक सांगून जातो.

तेथील सरकार मात्र धर्म विचारीतच नाही. मार्च १९५७ मध्ये एकदाच, नमुना पाहणीत, सांगणाऱ्याच्या खुशीवर सोडून तो प्रश्न विचारला गेला. त्यावर इतके काहूर उठले की सविस्तर तक्ते दहा वर्षे बाहेर आले नाहीत, आणि १९७६ साली धर्म सांगण्याची सक्ती कोणावर करता येणार नाही असा कायदाच झाला. त्यामुळे तेथे हे काम खाजगी संस्था करतात. आपल्याकडे १८७२ पासून सरकारच विचारीत आले आहे. दोन्ही पद्धतींत तोटे आहेत. तरी हमरीतुमरीच्या काळात एक सर्वमान्य सरकारी आकडा हाताशी असणे मला अधिक बरे वाटते.

सर्वमान्य म्हटले खरे, पण तेथेही आपला इतिहास निष्कलंक नाही. १९५१ साली पंजाबात भाषेच्या प्रश्नावर इतकी चुरस झाली की हिंदी, पंजाबी, उर्दू आणि पहाडी यांचे आकडे अखेर एकत्रच छापावे लागले. १९५५ साली राज्यपुनर्रचना आयोगाने असे सुचविले की, शेकडा सत्तर लोक एका भाषेचे असतील तर ते राज्य एकभाषी मानावे, आणि तीस वा अधिक लोकांची दुसरी भाषा असेल तर द्विभाषी. बेळगाव-कारवारच्या वादात खेड्याखेड्यांतील मातृभाषेचे आकडे दोन्ही बाजूंनी पुढे केले गेले, हे आपण जाणतोच. या मोठ्या टक्क्यांशी माझ्यासारख्या शिक्षकाचा संबंध येत नाही. माझा संबंध येतो तो एका लहान संख्येशी.

ती संख्या म्हणजे दहा. १९४९ साली प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ठरविले की, शाळेत चाळीस किंवा एका वर्गात दहा मुले एखाद्या मातृभाषेची असतील, तर प्राथमिक शिक्षण त्या भाषेतून देण्यासाठी शिक्षक नेमावा. पुढे १९५६ च्या घटनादुरुस्तीने कलम ३५० क आले आणि अल्पसंख्य भाषक मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याचे कर्तव्य राज्यांवर आले. हे सारे मुलांच्या मोजणीवर उभे आहे. वर्गातील नऊ मुलांच्या पालकांनी अर्जात 'मराठी' लिहिले आणि दहाव्याने 'हिंदी' लिहिले, तर नऊ मुलांचा शिक्षक गेला. दहाव्याने काही गैर केले असे नाही. अर्ज भरताना तो कारखान्याच्या दुपारच्या पाळीला जाण्याच्या घाईत असतो, आणि अर्जही हिंदीत असतो.

१६ जून २०२५ रोजी पुढील जनगणनेची अधिसूचना निघाली आणि १ मार्च २०२७ ही तिची संदर्भतिथी ठरविण्यात आली. या खेपेस जातींचीही मोजणी व्हायची आहे, नोंद कागदाऐवजी यंत्रावर व्हायची आहे, आणि कुटुंबाने स्वतःच आपली माहिती भरण्याची सोयही जाहीर झाली आहे. ज्या घरी ती भरण्याचे काम मुलांकडे येईल, तेथे मातृभाषेच्या ओळीपाशी आल्यावर आजीला हाक मारावी लागेल, कारण आई लहानपणी आपल्याशी कोणत्या भाषेत बोलत असे हे आईबापांच्या बाबतीत तिलाच माहीत असते. मातृभाषेच्या पुढे आणखी दोन भाषा लिहिण्याची जागा जनगणना आजवर देत आली आहे. माझ्या वर्गातील त्या मुलाला मी मराठी, हिंदी, अहिराणी असा क्रम सांगितला. तो म्हणाला, ''मग इंग्रजी कुठे लिहू?''